चौथा रकाना

डिसेंबरातल्या एका रविवारी माझा पुतण्या लॅपटॉप घेऊन अंगणात आला आणि समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. भिलाईच्या हुडकोतल्या आमच्या घराचं अंगण म्हणजे दोन खुर्च्या आणि एक तुळस मावेल एवढंच. पण थंडीत नऊ ते अकरा तिथं जे ऊन येतं, त्या उन्हाच्या वेळी मी निवृत्तीनंतर दुसरं कोणतंही काम ठेवत नाही. पुतण्याला हे माहीत आहे. त्यामुळे तो याच वेळी आला, म्हणजे काम महत्त्वाचं असणार, हे मी ओळखलं.

“मोठे बाबा, चार रकाने आहेत. पहिला कोणता भरू?”

संघ लोकसेवा आयोगाच्या सीडीएस परीक्षेचा अर्ज होता तो. पदवीनंतर लष्करात, नौदलात किंवा हवाई दलात अधिकारी व्हायचं असेल तर त्यासाठीची ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. अर्जात चार प्रबोधिन्यांची नावं होती. डेहराडूनची भारतीय लष्करी प्रबोधिनी, केरळात एळिमला इथली नौदलाची, हैदराबादजवळ दुंडिगल इथली हवाई दलाची आणि चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी. प्रत्येक नावापुढे क्रमांक घालायचा होता.

पोरगा बावीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर. त्यामुळे त्याला चारही दारं उघडी होती. डेहराडून आणि चेन्नईला कोणतीही पदवी चालते. नौदलाला या वाटेनं जायचं तर अभियांत्रिकीची पदवी लागते. हवाई दलाला एक तर अभियांत्रिकी, नाही तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असलेला पदवीधर लागतो. चेन्नईसाठी गणिताचा पेपर द्यावा लागत नाही, पण तिथून मिळतं ते अल्पसेवा कमिशन. दहा वर्षांची नोकरी आणि पुढे चार वर्षं वाढवून मिळण्याची शक्यता. हे सगळं त्याला पाठ होतं. मला विचारायला तो आला होता ते यापलीकडचं काही.

मी म्हटलं, “पहिला राहू दे. आधी चौथा कोणता ते सांग.”

तो हसला. त्याला वाटलं मी टाळतोय. खरं म्हणजे तो प्रश्न मला चाळीस वर्षांपूर्वी कुणी विचारला असता तर बरं झालं असतं, असं मनात येऊन मी तो विचारला होता.

आमच्या वसाहतीत अशा प्रश्नावर सल्ला मागावा लागत नाही, तो चालत घरी येतो. कागदोपत्री हे आमदी नगर. पण १९७० साली स्थापन झालेल्या सरकारी गृहनिर्माण महामंडळाचं इंग्रजी नाव आखडून जे झालं, तेच वसाहतीचं नाव म्हणून तोंडात बसलं. कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन, शाळामास्तर, दवाखान्यातल्या सिस्टर, भंडारा-गोंदिया-बालाघाटकडून आलेले आमच्यासारखे मराठी, त्यांच्या शेजारी तेलुगू, मल्याळी, बंगाली, छत्तीसगढी. अशा गल्लीत पोरानं अर्ज भरायला घेतला की चार घरांत त्याची चर्चा होते. एकजण म्हणाले, हवाई दलच घे, तिथली राहणी चांगली. दुसऱ्यांच्या मते नौदल, कारण जग बघायला मिळतं. तिसऱ्यांचा भाचा सुभेदार होता, ते म्हणाले की फौज म्हणजे थलसेना, बाकी सगळं नोकरी. माझ्या भावजयीनं एवढंच विचारलं की यातलं घरी लवकर येता येईल असं कोणतं. या सगळ्या मतांत मला तिचंच मत प्रामाणिक वाटलं, कारण ते पोराबद्दल होतं. इतरांची मतं गणवेशाच्या रंगाबद्दल होती.

आणि मतांच्या आधी शरीर असतं. पुतण्याला लहानपणापासून विमानांचं वेड. म्हणून भावजयीच्या शिलाईमशिनीच्या खणातली टेप काढून एका संध्याकाळी त्याला दाराच्या चौकटीशी उभं केलं गेलं. वैमानिकाच्या बाबतीत हवाई दल नुसती उंची बघत नाही. पायांची लांबी ९९ सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि १२० पेक्षा जास्त नको, मांडी ६४ सेंटिमीटरच्या आत हवी, बसलेल्या माणसाची उंचीही ठरलेल्या मापात हवी. कॉकपिटमधल्या खुर्चीत माणूस मावायला हवा आणि त्याचे पाय पेडलपर्यंत पोचायला हवेत, एवढा साधा हिशोब. घरात कुणी कुणाच्या मांडीची लांबी मोजलेली नसते. त्या संध्याकाळी आम्ही ती तीनदा मोजली. तिन्ही वेळा माप बसलं. पण माप बसलं म्हणजे विमान मिळालं असं नव्हे. वैमानिकाची उपजत क्षमता तपासणारी संगणकावरची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालं की वैमानिक होण्याची वाट कायमची बंद. लेखी परीक्षा पुन्हा देता येते, मुलाखतीला पुन्हा जाता येतं, पण ही एक गोष्ट पुन्हा नाही. पोराला हेही माहीत होतं. तरी टेप गुंडाळताना त्याचा चेहरा पडलेला मला दिसला.

आमच्या हुडकोत सैन्याची निवड हा विषय निघाला की एक नाव आपोआप येतं. नाईक कौशल यादव. पॅराशूट रेजिमेंटच्या नवव्या बटालियनचे, विशेष दलातले सैनिक. कारगिलच्या युद्धात २५ जुलै १९९९ रोजी झुलू टॉप घेताना ते हुतात्मा झाले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. दुसरा दिवस २६ जुलै, जो देश कारगिल विजय दिवस म्हणून पाळतो. वसाहतीत त्यांचं स्मारक आहे, आणि छत्तीसगढ सरकार खेळाडूंना जे पुरस्कार देतं त्यांतला एक त्यांच्या नावाचा आहे. त्याच पुरस्कारांमध्ये आणखी एक नाव आहे, सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे यांचं. मे १९८७ मध्ये सियाचिनच्या एका उंच पाकिस्तानी चौकीकडे गस्त घेऊन जाताना ते मारले गेले. ती चौकी पुढच्याच महिन्यात ज्या मोहिमेत घेतली, तिला त्यांचंच नाव दिलं होतं, ‘ऑपरेशन राजीव’. त्या मोहिमेसाठी नायब सुभेदार बाना सिंग यांना परमवीरचक्र मिळालं.

ही दोन नावं एकत्र ठेवून मी पुष्कळदा विचार केला आहे. एक अधिकारी, एक नाईक. सीडीएसचा अर्ज भरणाऱ्या मुलांना वाटतं की निवड म्हणजे अधिकाऱ्याचीच. पण पॅराच्या विशेष दलात कुणाला ढकलून पाठवत नाहीत. शिपाई असो की अधिकारी, आपण होऊन पुढे यावं लागतं. मग परिवीक्षेचा काळ असतो, आणि त्यात बहुतेकजण परत पाठवले जातात. नाईक हुद्द्याच्या त्या माणसानं आपली जागा स्वतः मागून घेतली होती. आमच्या गल्लीतल्या रकाने भरणाऱ्या कुणाच्याही निवडीपेक्षा ती मोठी होती आणि तिच्यासाठी कोणताही ऑनलाइन अर्ज नव्हता.

पहाटे फिरायला निघालो की मैदानावर पोरं पळताना दिसतात. अग्निवीर भरतीची पोरं. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर पूर्ण गुण. जून २०२२ मध्ये ही योजना आली. चार वर्षांची सेवा, मग चारांतला फार तर एक कायम आणि बाकीचे घरी. त्यांतल्या एकाला मी एकदा विचारलं, “थलसेना, नौसेना की वायुसेना?” तो धापा टाकत म्हणाला, “अंकल, जिसकी भर्ती पहले निकल जाए.” त्या पोराला वाईट वाटू नये म्हणून मी हसलो, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात राहिलं. पसंतीक्रम ही चैन आहे. माझ्या पुतण्याला ती मिळाली, कारण त्याच्या बापानं कारखान्यात रात्रपाळ्या केल्या आणि त्याला इंजिनिअर केलं. चैन मिळालेल्यानं निदान ती समजून वापरावी, असं मला वाटतं.

समजून म्हणजे कशी? सैन्याच्या तीन दलांचा फरक रंगात, विमानात, जहाजात शोधला जातो. मला वाटतं खरा फरक, अधिकारी आणि त्याची माणसं एकमेकांपासून किती लांब असतात, यात आहे. लष्करात नवा लेफ्टनंट पलटणीत रुजू झाला की काही महिन्यांत तीसेक जवान त्याच्या हाताखाली येतात. त्यांतले कित्येक त्याच्यापेक्षा वयानं मोठे, अनुभवानं तर फारच मोठे. तो त्यांच्यापुढे चालतो आणि ते त्याच्या मागे. गोळी आली तर ती दोघांनाही सारखी. नौदलात सगळे एकाच पोलादाच्या आत असतात. अधिकारी वर ब्रिजवर चार-चार तासांच्या पहाऱ्यावर असो की खाली इंजिनाजवळ, जहाजाला भोक पडलं की हुद्दा बघून पाणी आत येत नाही. हवाई दलात मात्र चित्र उलटं. विमान सज्ज करतात ते वायुसैनिक, आणि त्यात बसून शत्रूकडे जातो तो अधिकारी. लढाऊ विमानाचा वैमानिक पुष्कळदा एकटाच जातो. खाली उभे असलेले दहा-बाराजण आकाशाकडे बघत त्याची वाट पाहतात.

म्हणजे या तीन रकान्यांत तीन वेगळी माणसं दडलेली आहेत. माणसांपुढे चालणारा, माणसांबरोबर कोंडून घेणारा आणि माणसांच्या भरवशावर एकटा जाणारा. तुझा स्वभाव यांतला कोणता, हे मी पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, “हे कसं कळणार? मी अजून कुठंच गेलो नाही.” बरोबर होतं त्याचं. बाविसाव्या वर्षी माणसाला आपला स्वभाव ठाऊक नसतो. त्याला फक्त आपली आवड ठाऊक असते.

मलाही फक्त आवड ठाऊक होती. १९८० च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडील तुमसरकडून आलेले, कारखान्यात फिटर. मी बी.एस्सी. झालो, लेखी परीक्षा पास झालो आणि निवड मंडळापुढे पाच दिवसांच्या चाचणीला गेलो. छातीवर नंबर बांधून माणसं तुम्हाला पाच दिवस बघतात. एकेका चित्रावरून गोष्ट लिहायची, अशी अकरा चित्रं आणि शेवटी एक कोरा कागद. त्या कोऱ्या कागदावर तुमच्या मनातली गोष्ट लिहायची. पंधरा सेकंदांत एक शब्द, असे साठ शब्द. अर्ध्या तासात साठ प्रसंग. मैदानावर लाकडी फळ्या, दोर आणि पिंपं. हे सगळं मी कसंबसं निभावलं. मुलाखतीत समोरच्या अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं, “आर्मीच का?” मी पाठ केलेलं उत्तर दिलं. त्यानं मान डोलावली आणि विचारलं, “आणि हवाई दल का नको?” मी गप्प. मग विचारलं, “आर्मीत घेतलं, पण पुरवठा विभागात ट्रकांचा हिशोब ठेवायला लावलं तर?” मी म्हणालो, “सर, मला लढायचं आहे.” तो हसला नाही, रागावला नाही. वहीत काहीतरी लिहिलं.

पाचव्या दिवशी निवडलेल्यांचे नंबर वाचून दाखवले. त्यांत माझा नंबर नव्हता.

घरी येताना जनरल डब्यात दाराशी बसून मी पुष्कळ विचार केला. तेव्हा मला त्या मंडळाचा राग आला होता. आता येत नाही. माझ्या कोऱ्या कागदावरच्या गोष्टीतला नायक गणवेश घालून गावी परत येत होता आणि गाव त्याला बघत होतं. गोष्टीत मी त्याचं परत येणं लिहिलं होतं. तो तिकडे काय करत होता, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. मला कोणत्याच दलात जायचं नव्हतं. मला सेक्टरच्या रस्त्यावरून गणवेशात चालायचं होतं. ते त्या अधिकाऱ्याला माझ्याआधी कळलं. चौथ्या रकान्यातली जागा, म्हणजे ट्रकांचा हिशोब, ऐकून मी जे तोंड केलं त्यातून.

मग मी कारखान्यात लागलो. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन उभा राहिलेला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली भट्टी पेटलेला हा कारखाना आमच्या गावाची आईच. तिथंही पसंतीक्रम होता, फक्त तो कुणी लिहून घेत नसे. सगळ्यांना रेल मिलमध्ये जायचं असे. देशातल्या रेल्वेचे रूळ भिलाईत बनतात, हे सांगताना आमची छाती फुगायची. मला मिळाली प्लेट मिल. ती ऐंशीच्या दशकात सुरू झाली, ३६०० मिलिमीटर रुंदीची. पोलादाचा जाडजूड स्लॅब भट्टीत तापून पांढरा-पिवळा होऊन बाहेर येतो, रोलांमधून मागे-पुढे जातो, प्रत्येक फेरीला पातळ होतो, वरून पाण्याचे फवारे पडतात आणि स्केल उडते. कानात बोळे घातले तरी आवाज हाडांतून आत येतो. तिथं मी पस्तीस वर्षं काढली. पहिली दोन वर्षं बदलीचे अर्ज केले. मग विसरलो. विसरलो कधी ते आठवत नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, २ सप्टेंबर २०२२ रोजी, कोचीत ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. देशात बांधलेली पहिली विमानवाहू नौका, २६२ मीटर लांब. तिचं पोलाद बाहेरून आणायचं होतं ते मिळेना, म्हणून हैदराबादच्या संरक्षण धातू संशोधन प्रयोगशाळेनं डीएमआर २४९ नावाचं पोलाद तयार केलं आणि ते ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या भिलाई, राउरकेला आणि बोकारोच्या कारखान्यांत घडलं. सुमारे ३०,००० टन. टीव्हीवर तो सोहळा बघताना मी घरातल्यांना म्हटलं, “तो पत्रा बघा.” कुणाला दिसला नाही, रंगाखाली होता. पण मला प्लेट मिलच्या शेडमध्ये अल्ट्रासाऊंडच्या तपासणीसाठी ओळीनं पडलेल्या, अजून ऊब असलेल्या प्लेटा दिसल्या. मला रेल मिल हवी होती. मिळाली ती प्लेट मिल. आणि समुद्र आयुष्यात तीनदा पाहिलेल्या माणसाच्या हातची प्लेट समुद्रात गेली.

ही गोष्ट मी पुतण्याला त्या रविवारी पुन्हा सांगितली. तिचं तात्पर्यही जोडलं, की मिळालेलं आपलं करून घ्यावं लागतं. निवड रकाना भरताना संपत नाही. ती नंतर रोज करावी लागते. मला वाटलं, छान बोललो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मोठे बाबा, तुमच्या मिलमधून तुम्हाला रोज रेल मिल दिसत नव्हती. मी समजा वैमानिक नाही झालो आणि हवाई दलात जमिनीवरचं काम घेतलं, तर मला रोज विमान दिसेल. दुसऱ्याचं. ते मला जमेल का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तात्पर्य सांगणाऱ्या माणसाला असा प्रश्न पडला पाहिजे, तो मला चाळीस वर्षांत पडला नव्हता. प्रत्येक मिळालेली गोष्ट आपली होतेच असं नाही. काही गोष्टी रोज समोर दिसतात म्हणूनच सलत राहतात. काहीजण त्या सलासकट उत्तम काम करतात. हवाई दलाचं सगळं जमिनीवरचं काम, इंजिनांचं, रसदीचं, हवामानाचं, अशा कितीतरी लोकांवर चालतं आणि त्यांच्याशिवाय एकही विमान उडत नाही. पण ते ज्याचं त्यानं ओळखायचं. माझ्या प्लेटांच्या गोष्टीनं ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही.

तेव्हा आम्ही उलट बाजूनं बसलो. पहिला रकाना बाजूला ठेवला. एकेक नाव घ्यायचं आणि विचारायचं, की बाकी सगळं गेलं, हेच हातात आलं, तर जाशील का? तोंड न पाडता?

दुंडिगल. वैमानिक झाला तर नक्की. नाही झाला तर? त्यानं बराच वेळ घेतला आणि मान हलवली. नाही.

चेन्नई. दहा वर्षं, फार तर चौदा. पस्तिशीत बाहेर, पुन्हा नवी नोकरी. जाशील? “जाईन.” लगेच. जागाही तिथंच जास्त. अलीकडच्या जाहिरातींत डेहराडूनला शंभर, नौदल आणि हवाई दलाला तिसाच्या आसपास प्रत्येकी, तर चेन्नईला पुरुषांच्या पावणेतीनशेच्या घरात.

डेहराडून. जाईन. आणि तिथं पायदळ न मिळता रसद विभाग मिळाला तर? कारण लष्करात शिरल्यावर आत आणखी रकाने असतात. प्रशिक्षणाच्या अखेरीस पायदळ, रणगाडे, तोफखाना, अभियंते, सिग्नल, पुरवठा, असा पुन्हा क्रम द्यायचा असतो, आणि गुणवत्ता, पसंती व गरज यांचा मेळ घालून वाटप होतं. बाहेरच्यांना वाटतं की लढाऊ शाखाच खऱ्या. नागपूरचे जनरल मनोज पांडे बाँबे सॅपर्सचे, म्हणजे अभियंता दलाचे. ३० एप्रिल २०२२ रोजी ते लष्करप्रमुख झाले तेव्हा त्या दलातून तिथवर पोचलेले ते पहिलेच. पूल बांधणारा, सुरुंग काढणारा माणूस साऱ्या सेनेचा प्रमुख व्हायला इतकी वर्षं लागली. हे ऐकून पोराला बरं वाटलं, पण त्याचं उत्तर त्यामुळे बदललं नाही. म्हणाला, “ट्रकांचा हिशोबसुद्धा चालेल.” मग माझ्याकडे बघून हसला. माझी १९८० सालची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे.

राहिली एळिमला. नौदल.

इथं मी जरा पुढे सरकून बसलो हे कबूल करायला हवं. मेकॅनिकल इंजिनिअर. जहाजाच्या पोटातली इंजिनं, भट्टीसारखी ऊब, पस्तीस वर्षांनी घरातला कुणीतरी त्या पोलादावर उभा राहणार. मी काही बोललो नाही, पण माझ्या न बोलण्याला आवाज असावा. त्यानं लॅपटॉपवरून नजर न काढता विचारलं, “मोठे बाबा, नरवणे, करमबीर सिंग आणि भदौरिया यांची गोष्ट माहीत आहे का?”

माहीत होती. २०१९ च्या शेवटी तिन्ही दलांचे प्रमुख राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या एकाच, छप्पन्नाव्या तुकडीतले होते. जनरल मनोज नरवणे लष्करात, अ‍ॅडमिरल करमबीर सिंग नौदलात, एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंह भदौरिया हवाई दलात. आणि तिघांचेही वडील हवाई दलात नोकरीला होते.

“तिघांचे बाप एका दलात,” तो म्हणाला, “आणि दोघं दुसरीकडे गेले.”

त्याला काय म्हणायचं होतं ते कळायला मला वेळ लागला नाही. घरातलं पोलाद घराण्याचं होत नाही. मी त्याला विचारलं, “मग एळिमला नाही?” तो म्हणाला, “मला जमिनीवर, माणसांपुढे चालायचं आहे, असं मला वाटतं. चुकत असेन. पण जहाजावर मी तुमच्यासाठी जाईन, आणि मंडळापुढे ‘नौदलच का’ विचारलं तर मला तुमची गोष्ट सांगावी लागेल.” थोडं थांबून म्हणाला, “जहाज तुमचं आहे, मोठे बाबा. मी बघायला येईन.”

मला वाईट वाटलं. ते लपवावं असं मला वाटत नाही. सल्ला देणारा माणूस स्वतःला कितीही निःस्वार्थी समजत असला, तरी त्याचा स्वतःचा एक रकाना असतो, आणि तो समोरच्यानं पहिला भरावा असं त्याला वाटत असतं. गल्लीतल्या लोकांचे रकाने मला दिसले होते. माझा दिसायला अंगणातलं ऊन भिंतीवर चढावं लागलं.

त्यानं दोनच क्रमांक घातले. डेहराडून एक, चेन्नई दोन. बाकीचे दोन कोरे ठेवले. विमानाचं वेड असलेल्या पोरानं दुंडिगल कोरं ठेवलं, हे भावजयीला संध्याकाळपर्यंत पटत नव्हतं. तिच्या मते टेपवरचं सगळं माप तर बसलं होतं. मला मात्र ते दोन कोरे रकाने त्यानं भरलेल्या दोन रकान्यांपेक्षा जास्त बोलके वाटले. मी माझ्या कोऱ्या कागदावर गावाची गर्दी काढली होती. त्याला आपला कागद कोरा ठेवता आला.

लेखी परीक्षा एप्रिलमध्ये आहे. मग मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी, मग गुणवत्ता यादी. यांतल्या कोणत्याही पायरीवर तो थांबेल, माझ्यासारखा जनरल डब्यात दाराशी बसून परत येईल, हेही शक्य आहे. तसं झालं तर तो कशासाठी गेला होता हे त्याला माहीत असेल. ते माहीत असलं की परतीचा प्रवास जरा सोपा होत असावा. मला अनुभव नाही.

हल्ली पहाटे तो माझ्याबरोबर निघतो. मी चालतो, तो मैदानावर अग्निवीरच्या पोरांबरोबर पळतो. त्यांच्यात साडेपाच मिनिटांचा हिशोब चालतो, याला तेवढी घाई नाही. तरी तो त्यांच्याबरोबर घड्याळ लावतो. काल त्याची वेळ सहा मिनिटं दहा सेकंद होती. त्या पोरांनी त्याला खूप हसून घेतलं, आणि त्यातल्याच एकानं थांबून त्याला श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं.